आठांत नाही

रात्री दोनचं रीडिंग लॉगशीटवर टाकलं:
पाथरी फीडर एकशे दहा अँपियर,
ट्रान्सफॉर्मरचं तेल अठ्ठेचाळीस अंश,
आणि खुर्ची वळवली दुसऱ्या पडद्याकडं.

तिथं माझे अकरा सायकलवाले
आल्प्सच्या पायथ्याशी एका हॉटेलात झोपलेत.
ते हॉटेल मी पाहिलं नाही. त्यांनीही नाही.
उद्या एकवीस टप्प्यांची शर्यत,
आणि नावं द्यायची आठ.

चौथा हंगाम आहे माझा. शिकलोय थोडं.
फॉर्म म्हणजे ज्वारीची भाकर,
टम्म फुगली की लगेच ताटात घ्यावी,
झाकून ठेवली की चामडं.
एप्रिलमध्ये बेनुआला घाटामागून घाट चढवले,
आकडा चौऱ्याण्णव झाला,
त्या आनंदात मी हीटरवर दुसऱ्यांदा चहा केला.
मे उजाडला तर नावापुढं लाल खूण.
थकवा असाच. लग्नाच्या पाहुण्यासारखा
एका सांजेला येतो
आणि पंधरवडा हलत नाही.

सात नावं सहज बसली.
आठव्या जागेला दोघं.
एक एकोणीस वर्षांचा,
त्याच्या आकड्यांच्या जागी अजून प्रश्नचिन्हं.
दुसरा याको. वय छत्तीस. चढण एकसष्ट, वेग अठ्ठावन्न.
त्याचं काम, मागं मोटारीपाशी जायचं,
अंगातल्या जर्सीत सात बाटल्या कोंबायच्या
आणि सगळ्यांना गाठत पुन्हा पुढं यायचं.
चार वर्षांत एकही शर्यत जिंकला नाही,
एकही सोडली नाही.
त्याची थकव्याची पट्टी कायम हिरवी.
मीच कधी नीट उघडून बघितली नव्हती, ते वेगळं.
आज उघडली.

तीन वाजून पाच मिनिटांनी रामपुरी लाइन ट्रिप झाली.
ब्रेकरचा तो आवाज, झोपेत कुणी दार आपटावं तसा.
एकदा चार्ज केली, पुन्हा गेली.
हात आपोआप मुंजाजीच्या नंबरवर.
मुंजाजी पहिल्या रिंगला उचलतो,
सव्वीस वर्षं पहिल्या रिंगला.
काल दुपारी तो कंपाउंडच्या भिंतीआड
गुडघ्याला निर्गुडीचा पाला बांधत होता,
मला बघून पायजमा झटकन खाली ओढला.

मी तौफिकला उठवलं.
तो नवा. पाच रिंगा, मग जांभई, मग "कुठली लाइन, सर?"
परमिट दिलं, दोनदा वाचून घेतलं त्याच्याकडून.
चार वाजून पन्नास मिनिटांनी लाइन चालू झाली.
मधल्या वेळात मी याकोला आठांतून काढलं.
पडद्यावर पिवळी चौकट आली:
खेळाडू नाराज. मनोबल वजा तीन.
मी ओके दाबलं. दुसरं बटणच नव्हतं.

सकाळी सातला मुंजाजी गेटवर.
लुनावरून उतरताना उजवा पाय आधी टेकवला,
डावा नंतर आणला, सामानासारखा.
"रातच्याला लाइन गेल्ती म्हणं."
"हो."
"मला फोन आला नाही."
"गुडघा दुखतोय ना तुमचा."
"कुणी सांगितलं?"
चहा पुढं केला, त्यानं घेतला नाही.
यार्डाकडं बघत राहिला,
पक्कड या हातातून त्या हातात.
"रातभर जागाच व्हतो, सायेब. लाइट गेली तवापासून.
बूट घालून बसलो व्हतो.
आराम द्यायचा तर द्या,
पर आदल्या सांजेला सांगा.
माणूस बूट तरी काढून ठेवंल."

मग तौफिकनं बांधलेला फ्यूज बघायला
तो लंगडत रामपुरीच्या रस्त्याला लागला.
मी थांबवलं नाही.

शर्यत दुपारी सुरू होईल.
याकोच्या नावावर क्लिक केलं,
सगळे पर्याय वरून खालपर्यंत वाचले:
सराव, विश्रांती, करार, विक्री.
आदल्या सांजेला सांगा
असं कुठंच नाही.

सातचं रीडिंग राहिलंय.